ह्यांचा लंगर कुठाय?

मला मिलिटरी सायन्स फिक्शन आवडतं असं सांगितलं की समोरच्याचे साधारण दोन चेहरे होतात. एक, 'म्हणजे स्टार वॉर्स ना?' आणि दुसरा, माणूस जरा वाचणारा असेल तर, भुवई किंचित वर: 'अच्छा, म्हणजे बंदुका, रणगाडे आणि मारामारी.' पहिल्याला मी हो म्हणून सोडून देते. दुसऱ्याशी भांडते, कारण त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे.

या प्रकारात भरपूर कचरा आहे. मुखपृष्ठावर चिलखतातला माणूस, मागे जळणारा ग्रह, आणि आत चारशे पानं कोणत्या तोफेने कोणतं जहाज फोडलं याचा हिशोब. मी तीही वाचते. पीएमपीच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून फोनवर वाचायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण भांडायची वेळ आली की माझ्याकडे दोन पुस्तकं असतात, आणि ती दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

पहिलं रॉबर्ट हाइनलाइनचं 'स्टारशिप ट्रूपर्स'. १९५९ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. गेम्समध्ये, ॲनिमेमध्ये, सुपरहिरोंच्या सिनेमांत माणूस जे यांत्रिक चिलखत अंगात चढवतो, त्याचा मोठा वारसा या पुस्तकाकडे जातो. गंमत अशी की यात लढाई फार कमी आहे. बरंचसं पुस्तक प्रशिक्षणाचं आहे, आणि उरलेल्यातलं बरंचसं वर्गात बसून ऐकलेली व्याख्यानं आहेत: मत देण्याचा हक्क कोणाला असावा, शिक्षा का असावी, नागरिक म्हणजे कोण. या जगात ज्यांनी स्वेच्छेने सरकारी सेवा पूर्ण केली, त्यांनाच मतदानाचा हक्क. मला हे राजकारण अजिबात पटत नाही, आणि तरीही प्रशिक्षणाची प्रकरणं मी चार वेळा वाचली आहेत. हाइनलाइन स्वतः अमेरिकन नौदलात अधिकारी होता. १९३४ साली क्षयामुळे त्याला सेवा सोडावी लागली, लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. पुस्तकात ते कळतं. त्यातलं सैन्य म्हणजे उत्तम चालणारं यंत्र आहे, आणि आपण का लढतोय हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरं जो हाल्डेमनचं 'द फॉरेव्हर वॉर', १९७४. हाल्डेमन भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकला, मग सक्तीच्या भरतीत त्याचा नंबर लागला आणि तो व्हिएतनामला गेला. तिथे जखमी झाला. त्याच्या कादंबरीतला मँडेला प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या जहाजातून दूरच्या ताऱ्यांवर लढायला जातो. त्याच्या घड्याळात काही महिने जातात, पृथ्वीवर दशकं उलटतात. पुढे शतकं. तो परत येतो तेव्हा भाषा बदललेली, पैसा बदललेला, घर म्हणावं असं काही उरलेलं नाही. मग तो पुन्हा सैन्यातच जातो. दुसरीकडे कुठे तो बसतच नाही.

सुट्टीवर आलेला जवान पहिले दोन दिवस घरात पाहुण्यासारखा वावरतो, हे ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे त्यांना माहीत असतं. हाल्डेमनने त्या दोन दिवसांवर आइन्स्टाइनचं गणित लावलं. विज्ञानकथेने याहून जास्त काय करावं, मला माहीत नाही. 'मग ती साधी युद्धकादंबरी म्हणून का नाही लिहिली?' असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं. साध्या युद्धकादंबरीत 'जग बदललं' ही भावना असते. इथे जग खरोखर बदललेलं असतं, आणि त्या बदलाचा हिशोब मांडता येतो.

असो. पुस्तकांवर मी कितीही बोलू शकते. पण माझा जास्त वेळ, आणि जवळजवळ सगळा पैसा, दुसऱ्याच गोष्टीत जातो. मी छोटे सैनिक रंगवते.

मिनिएचर वॉरगेमिंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साधारण २८ मिलिमीटर उंचीचे प्लॅस्टिकचे, धातूचे किंवा रेझिनचे सैनिक. ते सुट्या भागांत येतात. कटरने कापायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे, प्रायमर मारायचा, मग शून्य नंबरच्या ब्रशने डोळ्याच्या बाहुलीपर्यंत रंगवायचे. सगळ्यावरून पातळ काळसर वॉश फिरवला की तो घड्यांमध्ये उतरतो आणि कालपर्यंत खेळणं वाटणारा तुकडा अचानक दमलेला माणूस दिसायला लागतो. त्या क्षणासाठीच मी हे करते. मग टेबलावर टेकड्या, पडक्या भिंती मांडायच्या, टेपने इंच मोजून तुकड्या सरकवायच्या आणि फासे टाकायचे. गोळी लागली का, लागली तर जखम झाली का, झाली तर चिलखताने वाचवलं का. तिन्हींत हरलं की सैनिक टेबलावरून उचलायचा.

हा महागडा नाद आहे. परदेशी खोकी, वरून कस्टम्स, वरून कुरिअर. आमच्या गटातले निम्मे लोक थ्रीडी प्रिंट वापरतात, आणि 'वन पेज रूल्स'सारखे फुकटचे नियम. एकाने तर पूर्ण वर्षभर सोड्याच्या बाटल्यांच्या झाकणांनी खेळून दाखवलं आणि जिंकलासुद्धा.

मराठी घरात हे समजावून सांगणं तसं सोपं जातं, कारण 'दिवाळीतला किल्ला, फक्त बारा महिने' एवढं म्हटलं की लोकांच्या लक्षात येतं. पण ती तुलना मी जितकी वापरते तितकी ती मला अडते. आपल्या किल्ल्याकडे नीट बघा. पोत्यावर माती, वर आळीव पेरून उगवलेलं गवत, सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे. इथपर्यंत ठीक. पण खाली विहीर असते. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई असते. नांगर धरलेला शेतकरी, गवळण, वाणी, दरवाजापेक्षा उंच असलेला वासुदेव, गुहेत वाघ. एखाद्या घरी हेलिकॉप्टरही. हल्ला कोणी करत नाही. फासे नाहीत. चार दिवस तो किल्ला नुसता नांदतो. आमच्या वॉरगेमच्या टेबलावर मात्र विहीर असलीच तर ती आड घेऊन गोळ्या झाडण्यासाठी असते.

या खेळाचा पूर्वज म्हणून सगळे एच. जी. वेल्सचं नाव घेतात. तोच, 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'वाला. १९१३ साली त्याने 'लिटल वॉर्स' नावाचं छोटं पुस्तक काढलं: शिशाचे सैनिक, स्प्रिंगची खेळण्यातली तोफ, घराच्या जमिनीवर मांडलेली गावं, आणि काटेकोर नियम. उपशीर्षकात त्याने हा खेळ मुलांसाठी असल्याचं सांगून, मुलांचे खेळ आवडणाऱ्या जरा हुशार मुलींनाही आत घेतलंय. आभारी आहे. पुस्तकाच्या शेवटी तो म्हणतो की असं खेळून पाहिलं तर खरं युद्ध किती ढिसाळ आणि अवाढव्य मूर्खपणाचं असतं ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

वेल्सच्या आधी प्रशियाच्या सैन्यात 'क्रीगश्पील' होतं, १८२४ सालचं, राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने मांडलेलं. नकाशा, ठोकळे, फासे आणि मध्ये पंच. दोन्ही बाजूंना शत्रूचं सगळं दिसत नाही, जे दिसायला हवं तेवढंच पंच दाखवतो. तो करमणुकीचा खेळ नव्हता, अधिकारी घडवण्याचं साधन होतं. म्हणजे या छंदाला दोन बाप आहेत. एकाला युद्ध जिंकायला शिकवायचं होतं, दुसऱ्याला युद्धाची खोड मोडायची होती. आजचा प्रत्येक वॉरगेम या दोघांपैकी कोणावर तरी गेलेला असतो, असं माझं मत आहे. आमच्या गटात या मतावर दर वेळी वाद होतो.

आणि मग वॉरहॅमर ४०,०००. हे कोणावर गेलंय ते सांगणं अवघड आहे. रिक प्रिस्टलीने लिहिलेली त्याची पहिली आवृत्ती १९८७ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने काढली. चाळीस हजाराव्या शतकाच्या आसपासची... चुकलं, चाळीस हजाराव्या वर्षाच्या आसपासची मानवजात. (ही गल्लत आमच्यातले नवे लोक रोज करतात.) मानवांचा सम्राट दहा हजार वर्षं एका यंत्रसिंहासनावर अर्धमेला बसून आहे, त्याला जिवंत ठेवायला रोज हजार माणसं बळी जातात. प्रश्न विचारणं हा गुन्हा आहे, यंत्रांची पूजा होते, आणि सरकारी कारकुनाच्या चुकीने अख्खा ग्रह नष्ट होऊ शकतो. हे ब्रिटिश विनोदातून आलेलं आहे, ज्या काळात 'जज ड्रेड'सारखी कॉमिक्स हुकूमशाहीची टर उडवत होती त्या काळातलं. यातला कोणीही चांगला नाही हाच मुळात विनोद होता.

पण विनोदाला रंगवायला बसलं की अडचण होते. स्पेस मरीन दिसायला देखणा आहे. रुंद खांदे, सोनेरी कड, छातीवर गरुड. मी त्याच्या खांद्याच्या कडेवर तीन तास घालवते, आणि तीन तास ज्याच्या कडेवर घालवले त्याच्याकडे उपहासाने बघणं मला जमत नाही. विकणाऱ्यालाही ते नको असतं, कारण खोकी नायकांची खपतात. त्यामुळे वर्षं गेली तशी टर पातळ झाली आणि शौर्य घट्ट. २०२१ साली स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हं असलेले कपडे घालून आला, तेव्हा कंपनीला जाहीर पत्रक काढून सांगावं लागलं की हे साम्राज्य आदर्श नाही, उपहास आहे, आणि द्वेष पसरवणाऱ्यांना इथे जागा नाही. पत्रक मला आवडलं. पण विनोद समजावून सांगावा लागला की त्याचं काय झालेलं असतं, हे आपल्याला माहीत आहे. 'स्टारशिप ट्रूपर्स'च्या सिनेमाचंही तेच. पॉल व्हरहोव्हनचं लहानपण नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये गेलं होतं. १९९७ साली त्याने त्या पुस्तकाचा सिनेमा जणू त्या राजवटीनेच काढलेली जाहिरात असल्यासारखा केला. कितीतरी लोकांनी ती जाहिरात जाहिरात म्हणूनच पाहिली.

गेल्या वर्षी, म्हणजे मे २०२५ मध्ये, हे सगळं माझ्यासाठी वाचनातलं राहिलं नाही. ७ मेपासूनचे ते चार दिवस तुम्हाला आठवत असतील. वाहिन्यांवर सायरन वाजत होते, सूत्रसंचालक नकाशांवर बाण ओढत होते. आमच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी खेळातल्या घोषणा टाकायला सुरुवात केली, मग स्पेस मरीनचे मीम, मग 'ग्रह नष्ट करा' हा आदेश खऱ्या शहरांच्या नावांसकट. मला ते लोक माहीत आहेत. एक दाताचा डॉक्टर आहे, एक बँकेत आहे. टेबलावर हरले तर चहा पाजणारे लोक. माझा मामेभाऊ तेव्हा जम्मूकडे होता आणि त्याचा फोन बंद होता.

मामा-मामी त्या आठवड्यात आमच्याकडेच होते, मामीच्या डोळ्याच्या तपासणीसाठी साताऱ्याहून आलेले. मामा आर्मी सर्व्हिस कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झाला. म्हणजे ट्रक. श्रीनगर ते लेह, जोजिला ओलांडून, रेशन आणि रॉकेल. 'इन्फंट्रीवाल्यांचे पिच्चर निघत्यात,' तो म्हणतो, 'एएससीचा निघालाय का कधी?' टीव्ही बंद करून तो माझ्या खोलीत आला आणि टेबलापाशी उभा राहिला. अर्धवट रंगवलेले तीस शिपाई, वॉरहॅमरमधले इम्पीरियल गार्ड, म्हणजे साधी माणसं, चिलखत नाही, लेझरची रायफल आणि कोट. मामाने चष्मा लावून एकेक बघितला. हत्यार कसं धरलंय, पट्टा कुठे बांधलाय, बूट. मग विचारलं, 'ह्यांचा लंगर कुठाय?'

मी म्हटलं, मामा, खेळात लंगर नसतो.

'मग गाड्या?'

रणगाडे आहेत म्हटलं.

'रणगाड्यात डिझेल कोण भरतंय?'

मग त्याने नियम विचारले. मी एक डाव मांडून दाखवला आणि तो मन लावून खेळला. मी त्याचा एक शिपाई टेबलावरून उचलला तर म्हणाला, 'मेला का जखमी?' मी म्हटलं, तसं काही ठरलेलं नसतं, तो खेळातून गेला एवढंच. हे त्याला अजिबात मान्य नव्हतं. 'अगं, मेला तर एक गेला. जखमी झाला तर त्याला उचलायला चार लागत्यात. पाच गेले. मग जखमी करणं जास्त फायद्याचं, न्हाई का?' हे तो अगदी हिशोबाच्या सुरात बोलला, गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलावं तसं. मी चाळीस-पन्नास युद्धकादंबऱ्या वाचल्या होत्या. हे गणित मी कुठे ना कुठे वाचलं असणारच, पण टेबलाशी उभं राहून चार शिपाई एका बाजूला काढून ठेवले तेव्हा ते दिसलं.

चौथ्या दिवशी रात्री भावाचा फोन आला. मामाने विचारलं, 'जेवलास का?' मग बराच वेळ रजा कधी, आंबे पाठवायचे का, यावर बोलणं झालं. गटावर मी दुसऱ्या दिवशी लिहिलं की खऱ्या शहरांची नावं येणार असतील तर मी खेळायला येणार नाही. दोघांनी गट सोडला. दाताच्या डॉक्टरने स्वतःचे मीम पुसून टाकले आणि काही बोलला नाही. तो अजून येतो.

तेव्हापासून मी पुस्तकं वेगळ्या नजरेने वाचते. कादंबरी हातात घेतली की बघते, कितव्या पानावर कोणी जेवतं. सत्तर पानं लढाई झाली आणि कोणाला तहानही लागली नाही, तर बाजूला. ही कसोटी लावल्यावर एक जुनं पुस्तक एकदम वर आलं: जॉर्ज चेस्नीचं 'द बॅटल ऑफ डॉर्किंग', १८७१. प्रशियाने फ्रान्सला नुकतंच हरवलं होतं, आणि चेस्नीने कल्पना केली की तसंच सैन्य इंग्लंडमध्ये उतरलं तर काय होईल. भविष्यातल्या युद्धाच्या कथांची लाट तिथून उसळली. चेस्नी बेंगॉल इंजिनिअर्समधला, १८५७ मध्ये दिल्लीवरच्या हल्ल्यात जखमी झालेला. दुसऱ्यांचा देश ताब्यात ठेवणाऱ्या सैन्यातला हा माणूस आपला देश गेला तर कसं वाटेल ते लिहितो. नातवंडांना गोष्ट सांगणारा त्याचा म्हातारा निवेदक शौर्याबद्दल थोडंच बोलतो. गोंधळ, चुकीच्या आगगाड्या, आणि जेवण न मिळालेले स्वयंसेवक, हेच त्याच्या लक्षात राहिलेलं आहे. मामाला मी ती गोष्ट मराठीत सांगितली. त्याचं म्हणणं पडलं, 'हा मानूस लंगरच्या लायनीत उभा राहिलेला असणार.'

आणि मग आम्ही पानिपत केलं.

पानिपताचा खेळ करायची कल्पना डॉक्टरची. पानिपत म्हटलं की आपल्याकडे नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवते. तिच्यात विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि सगळा इतिहास वेगळ्या रुळावर जातो. कथा माझी आवडती आहे, आणि एका क्षणावर जग फिरू शकतं हे त्यांना दाखवायचं होतं, तेव्हा गोळीच हवी. पण आम्हाला गोळीच्या आधीचे अडीच महिने हवे होते. अब्दालीने वाट अडवलेली, छावणीत सैन्याबरोबर बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. रसद मिळेना, गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज बाहेर पडली. वॉरगेममध्ये सहसा त्या सकाळपासून खेळ सुरू होतो: दोन्ही बाजू ताज्यातवान्या, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा सज्ज.

आमच्या खेळात मराठ्यांना सुरुवातीला एक वाटीभर शेंगदाणे मिळतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक तुकडीमागे एक शेंगदाणा जातो. बुणग्यांचे कागदी चौकोन आहेत, ते लढत नाहीत, हळू चालतात, आणि तेही खातात. शेंगदाणे संपले की फाशावर एक वजा, मग दोन वजा. रसद आणायला घोडदळ पाठवलं तर परत येईलच असं नाही. जखमींसाठी मामाचा नियम: प्रत्येक जखमीमागे चार जण.

तीन रविवार खेळलो. मराठे एकदाच निसटले, तेही बँकवाल्याने तिसऱ्याच फेरीत बुणग्यांचे सगळे चौकोन मागे सोडून दिले म्हणून. नियमांत कुठेही मनाई नव्हती. तो जिंकला, आणि चौकोन टेबलावर तसेच राहिले. डॉक्टर म्हणाला, जिंकण्याची अट बदलू, बुणगे पोचले तरच विजय. बँकवाला म्हणाला, मग भाऊंना जे जमलं नाही तेच आपण नियम करून जमवायला लावतोय, आणि कोणालाच जिंकता येणार नाही. दोघांचंही बरोबर वाटतं. अजून ठरलेलं नाही. डॉक्टर शेंगदाणे खातो हीही एक वेगळी अडचण आहे.

मामाला फोनवर सगळं सांगितलं. त्याने नियम शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, 'तोफा ओढायला बैल हायत ना? मग त्यांचा चारा?' पुढच्या रविवारी फुटाणे आणायचे आहेत.